मधल्या तुळईपलीकडचं पाणी

उंबरवाडीत मी बदलून गेले ते एकोणीसशे पन्नास साली. गावात मास्तरणीला खोली द्यायला कुणी तयार होईना. एकटी बाई, पुण्याची, वर पायात चपला घालणारी. असला घोर कोण विकत घेणार? शेवटी चिमाजीआबांनी आपली पडवी दिली. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात ते आणि त्यांची मुलगी शालन, अशी दोनच माणसं. आबा पडवी झाडून देऊन म्हणाले, "बाई, घर गळत न्हाई. बाकी काय सांगू?" त्यांच्या लेखी घराची परीक्षा तेवढ्यावरच व्हायची.

त्याला कारणही होतं. गावाच्या खाली भामा नदीवर एक पूल होता आणि त्या पुलावर चक्क कौलारू छप्पर होतं. दगडी खांब, त्यावर सागाच्या तुळया, फळ्यांची जमीन, दोन्ही बाजूंना लाकडी कठडा आणि वर घरासारखी नळीची कौलं. पुलाला छप्पर कशाला, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं. तर म्हणे, कुणा एका जुन्या काळच्या सरदाराचा जकातदार पुलावर बसायचा आणि चाकणच्या बाजाराला जाणारी मिरचीची पोती तिथे अडवून धरायचा. पोती भिजली की व्यापारी बोंब मारायचे, म्हणून छप्पर घातलं. म्हणजे ते माणसांसाठी नव्हतंच, मिरच्यांसाठी होतं. सरदार गेला, जकात गेली आणि माणसांना आयतं छप्पर मिळालं.

पुलाच्या अलीकडे आमची उंबरवाडी, पलीकडे कुरणगाव. पुलाच्या बरोबर मध्यावर जमिनीत एक जाड तुळई आडवी होती, घराच्या उंबऱ्यासारखी. तुळईच्या अलीकडचा पूल आमचा, पलीकडचा त्यांचा. दर वैशाखात दोन्ही गावांनी आपापली बाजू शाकारायची, म्हणजे सगळी कौलं उतरवून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा रचायची. आमच्या बाजूचं काम आबांकडे होतं. त्यांच्या बाजूचं सयाजीराव बघायचे. दोन्हीकडून रचत रचत दोघे मध्यावर यायचे. मधली ओळ मात्र दोघांनी मिळून बसवायची, एकाने कौल द्यायचं, दुसऱ्याने लावायचं. ती गळली तर दोन्ही गावांनी दोघांनाही शिव्या द्यायच्या, असा रिवाज होता.

अशाच एका वैशाखात मधली ओळ लावताना सयाजीराव वर बसूनच म्हणाले, "चिमाजी, तुझी पोरगी आमच्या ज्योतीरामला देतोस का?" आबांच्या हातातलं कौल खाली नदीत गेलं. दोघे उतरले ते एकमेकांना पाव्हणं म्हणतच. मला हे शालनने सांगितलं, आणि कौल पडताना आबांचं तोंड कसं झालं असेल तेही करून दाखवलं. तिला नकला करायची भारी हौस. मी फळ्यावर लिहिताना एका खांद्याने पदर कसा सावरते, हे तिने मला माझ्यासमोरच करून दाखवलं होतं. मी रागावले, आणि मग हसले.

एकावन्न साली तिचं लग्न झालं. लोकांना बोलायला जागा नको म्हणून मी शाळेच्या मागच्या खोलीत बिऱ्हाड हलवलं, पण संध्याकाळी आबांच्या ओट्यावर बसायची सवय सुटली नाही. घर ओकंबोकं झालं होतं. आबा दोन भाकरी भाजायचे, एक खायचे, एक म्हशीला घालायचे.

लेक दिली ती नदीपलीकडे. पुलावर उभं राहिलं तर तिच्या घराचा धूर दिसायचा. मला वाटलं, चला, हा बाप रोज जाऊन येईल. पण आबा कुरणगावात पाऊल टाकेनात. त्यांच्या घराण्यात रीत होती, मुलीला मूल होईपर्यंत आईबापाने तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. बरं, नुसतं जाऊन भेटावं, तर दारात आलेल्या व्याह्याला पाणी देणार, आणि दिलेलं पाणी नाकारलं तर त्या घराचा अपमान. म्हणून मग जायचंच नाही. मी म्हटलं, "हे कुठल्या पोथीत लिहिलंय?" तर म्हणाले, "पोथीत कशाला लिवायला पायजे? माझा बा बी माझ्या बहिनीकडं असाच गेला न्हाई." डोकं आपटून घ्यावंसं वाटायचं मला.

यातून वाट काढली ती पुलाने. कुरणगावची माणसं चाकणच्या बाजाराला जायची ती पुलावरूनच. बाजाराच्या दिवशी शालन सासूबरोबर यायची. कौशल्याबाई, तिची सासू, तोंडाने फटकळ पण मनाने बरी बाई. ती गाडीवानाला म्हणायची, "तू हो पुढं, आमी येतो मागनं," आणि पलीकडच्या बाजूला कठड्याला टेकून पान लावत बसायची. शालन तुळई ओलांडायची. ओलांडली की डोक्यावरचा पदर खांद्यावर पडायचा. दोन पावलांत ती माहेरी आलेली असायची. मग फळ्यांवर फतकल मारून बसायची आणि तोंडाला खळ नाही. म्हैस किती दूध देते, शेजारणीचं काय झालं, बाई अजून तसाच पदर सावरतात का. आबा हरभऱ्याचा पाला, बोरं, कधी गुळाचा खडा, असं काहीबाही घेऊन जायचे. ती खायची. तिच्याकडून मात्र त्यांनी शेंगदाण्याचा दाणासुद्धा घ्यायचा नाही. एकदा मी बरोबर होते. तिने फडक्यात बांधून उन्हातून आणलेलं थालीपीठ त्यांच्यापुढे धरलं. आबांनी नुसता वास घेतला आणि म्हणाले, "झ्याक झालंय. बाईंला दे." ते मला खावं लागलं. एवढं चांगलं थालीपीठ घशाखाली उतरताना इतका त्रास मला कधी झाला नाही.

निघताना ती तुळईपाशी थांबून पदर डोक्यावर घ्यायची आणि सून होऊन पलीकडे जायची. आबा खालच्या फटीतून नदीकडे बघत राहायचे.

एक वर्ष गेलं, दोन गेली, चार गेली. मूल काही होईना. खेड्यात अशा वेळी लोकांच्या जिभेला हाड नसतं. जेजुरी झाली, नवस झाले, कुणी सांगितलेली पाळंमुळं उगाळून झाली. शालनच्या नकला कमी झाल्या. कौशल्याबाईंचा भाऊ ज्योतीरामसाठी दुसरी मुलगी बघतोय, अशी कुणकुण आमच्या गावापर्यंत आली. ज्योतीराम तेव्हा नुकताच पिंपरीला औषधांच्या कारखान्यात लागला होता. आठवडाभर तिकडे राहायचा, सुट्टीला यायचा. दोन पैसे हातात खेळायला लागल्यावर मुलींचे बाप स्वतःहून विचारायला येतात, तसंच ते होतं.

सयाजीराव मात्र सरळ माणूस. त्यांनी एका वैशाखात छपरावर बसूनच विषय काढला. मी खाली मुलांना घेऊन कौलं पुसत होते, म्हणून मला ऐकू आलं.

"पाव्हणं, आता पुरं करा. चला घरला. घोटभर पानी घ्या. पोरगी रडती हो तुमच्यापायी."

आबा कौलं रचत राहिले. "न्हाई पाव्हणं."

"आवं, कोन काय म्हननार हाय?"

"न्हाई म्हनलं ना."

मला इतका संताप आला की त्या संध्याकाळी ओट्यावर बसून मी आबांना वाट्टेल ते बोलले. रीत मोठी की पोरगी मोठी, हेही विचारलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग तंबाखू मळत म्हणाले, "बाई, तुमी शिकल्याल्या. एवढं ध्यानात येत न्हाई का? मी आज त्यांच्यात पानी प्यालो, तर समदा गाव काय म्हनंल? म्हनंल, बापानं बी आशा सोडली. बापच असं म्हनतोय म्हनल्यावर ते दुसरी आनायला मोकळं. मी पानी पीत न्हाई तवर माझ्या पोरीला पोर हुनार हाय. कळलं का?"

मला कळलं. सगळं गाव त्यांना हट्टी म्हणत होतं, मीही म्हणत होते, आणि हा माणूस एका तांब्याभर पाण्यावर पोरीचा संसार धरून बसला होता.

छपन्न साली सरकारचे लोक आले. चाकणकडून ट्रक जाईल असा पक्का पूल करायचा होता, जुन्या पुलाला लागूनच. चावडीत सभा भरली. सगळे खूश, कारण ट्रक आला की कांदा थेट पुण्याला जाणार. साहेबाने विचारलं, कुणाला काही विचारायचंय का? आबा उठले. मला धक्काच बसला, कारण ते चावडीत कधी बोलत नसत. त्यांनी विचारलं, "सायेब, नव्या पुलाला छप्पर आसंल का?" साहेब हसला, मग सगळी सभा हसली. "पुलाला कशाला छप्पर, आजोबा?" आबा खाली बसले. हसणाऱ्यांत अशीही माणसं होती ज्यांच्या लेकी त्याच छपराखाली त्यांना भेटायच्या. त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

आणि मग सत्तावन्नच्या शिमग्यात शालन तुळई ओलांडून आली, बसली, आणि तिने पदर खांद्यावर पडू दिला नाही. उलट तोंडावर ओढून घेतला. आबा घाबरले. "काय झालं गं?" ती पदराआडून म्हणाली, "बाईंना सांगते, तुमाला न्हाई." मग माझ्या कानाला लागून सांगितलं. तिला दिवस गेले होते.

मी आबांना सांगितलं तेव्हा त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग शालनला म्हणाले, "तुमच्या आडाचं पानी कसं हाय गं?"

तिला आधी कळेना. कळल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसायलाही लागली. "मचूळ हाय, आबा. डाळ शिजत न्हाई त्यात. मी लांबच्या झऱ्यावरनं आनीन तुमच्यासाठी."

"नको. आडाचंच दे. घरात असंल ते दे."

त्या वैशाखात शाकारणी झाली नाही. नव्या पुलाचे खांब उभे राहत होते आणि जुन्या पुलाचं लाकूड लिलावात गेलं होतं. ठेकेदाराची माणसं वरची कौलं सरळ नदीत फेकायला लागली. आबा आणि सयाजीराव दोघे धावत वर चढले. कुणी हाकललं तरी उतरले नाहीत. मधली ओळ त्या दोघांनी आपल्या हाताने काढली, एक काढायचा, दुसऱ्याच्या हातात द्यायचा. ती कौलं आबांनी घरी आणून गोठ्याच्या भिंतीला लावून ठेवली. पुलाच्या फळ्या मात्र तशाच राहिल्या, नवा पूल सुरू होईपर्यंत माणसांना जायला. उघड्या पुलावर ऊन लागायचं, बसवायचं नाही. शालन यायची, उभ्याउभ्या बोलायची आणि जायची. आबांना त्याचं काही वाटेनासं झालं होतं. पहिलं बाळंतपण माहेरचं. गौरी-गणपती झाले की तिला आणायची होती. त्यांनी पडवी सारवून घेतली, बाज विणून घेतली, म्हशीचं तूप साठवलं. आणि दिवसातून एकदा तरी मला म्हणायचे, "बाई, बारशाला तुमी बी चला माझ्यासंगं. मी पैल्यांदाच जानार. कुठं बसायचं, काय बोलायचं, काय ठावं न्हाई." साठीला आलेला माणूस नव्या नवरीसारखा लाजत होता.

श्रावण सरत आला होता. दुपारची शाळा सुटली आणि मी पाहिलं, सयाजीराव पावसातून धावत आबांच्या घराकडे चालले होते. मीही गेले. शालनला अवेळी कळा सुरू झाल्या होत्या. आठवा महिना. माहेरी आणायची वेळच आली नाही. सुईण आत होती, एक माणूस सायकलवर चाकणला डॉक्टर आणायला गेला होता. ज्योतीराम कारखान्यात, त्याला निरोप कधी पोचेल कुणास ठाऊक. सयाजीराव म्हणाले, "पाव्हणं, चला. आबा आबा करतीय."

आबा निघाले. मी छत्री घेऊन मागोमाग. पुलावर आलो, छपराशिवाय तो पूल पावसात निथळत होता. सयाजीराव तुळई ओलांडून गेले. आबा तुळईपाशी थांबले.

"चला की," सयाजीराव म्हणाले.

"पोर हुं द्या. मग येतो. हितंच थांबतो मी."

"आवं, ही काय येळ हाय का?"

"सुईन काय म्हनतीय?"

"येळ लागंल म्हनतीय. अवघड हाय म्हनतीय."

"मग हुं द्या. इतकी वर्सं पाळलं आन आता, दारात पोर आल्यावर, मी मोडू? काय वाईट झालं तर कुनाच्या जिवावर? तुमी जावा. तिला सांगा, आबा पुलावर हाय. तिला ठावं हाय मी हितं असतो त्ये."

सयाजीराव पळत गेले. मी आबांच्या डोक्यावर छत्री धरली. मी त्यांना म्हटलं, जा. हात धरून ओढलं. ते रागावले नाहीत. ते म्हणाले, "बाई, तुमी समजता तसं न्हाई. मला काय पाय न्हाईत व्हय?" ज्या रीतीने पोरगी राखली, तीच आत्ता मोडली तर पोरगी हातची जाईल, ही भीती त्यांच्या हाडात शिरली होती. त्या भीतीपुढे माझी सगळी शाळा फुकट होती. ते तुळईच्या अलीकडे उभे राहिले, तोंड कुरणगावकडे करून. मधूनच म्हणायचे, "पेढं चाकणला चांगलं मिळत्यात." मधूनच म्हणायचे, "पोरगी झाली तरी चालंल."

सायकलवाला अजून परतला नव्हता. पाऊस थोडा कमी झाला तेव्हा पलीकडून सयाजीराव येताना दिसले. ते धावत नव्हते, चालत होते. आणि त्यांच्या डोक्याला पागोटं नव्हतं. या माणसाला बोडक्या डोक्याने मी कधी पाहिलं नव्हतं, आबांनीही पाहिलं नसेल. आबांनी छत्रीच्या बाहेर येऊन विचारलं, "पोर?"

"पोरगी झाली. हाय. रडतीय."

"आन आमची?"

सयाजीराव तुळईच्या पलीकडेच फळ्यांवर बसले.

आबांनी तुळई ओलांडली. मी ते पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचं पाऊल पलीकडे पडलं आणि ते कुठेही न थांबता चालत राहिले. वाट कधी पायाखालची नव्हती, पण धुरावरून त्यांना घर माहीत होतं.

घरात बायकांचा आक्रोश चालला होता. शालनला मधल्या घरात ठेवलं होतं. आबा तिच्याजवळ बसले, तिच्या डोक्यावरचा पदर हाताने मागे सारून खांद्यावर ठेवला, तुळई ओलांडल्यावर ती ठेवायची तसा. कुणी बाई तो पुन्हा नीट करायला गेली, त्यांनी करू दिलं नाही. एका बाईने फडक्यात गुंडाळलेली तान्ही पोर आणून त्यांना दाखवली. त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

मग ते उठून ओसरीवर आले आणि भिंतीला टेकून बसले. कौशल्याबाई चुलीजवळ डोकं धरून बसल्या होत्या. आबा म्हणाले, "येहीनबाई, पोर झालं न्हवं? पानी द्या आता."

मयत घरात असताना पाण्याचा थेंब कुणी घेत नाही, हे आबांना कुणी सांगायला नको होतं. तरी कुणी सांगितलं नाही. कौशल्याबाई उठल्या, तांब्या घेतला, माठावरचं झाकण काढलं आणि तशाच थांबल्या. मग रडत म्हणाल्या, "हे सकाळचं हाय, पाव्हणं. तिनंच भरल्यालं. थांबा, मी दुसरं आनते."

"न्हाई," आबा म्हणाले. "त्येच द्या."

कौशल्याबाईंनी तांब्या त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो तोंडाला लावला आणि एका दमात संपवला. थोडं पाणी गळ्यावरून सदऱ्यात गेलं. मी दारात उभी होते, मला वाटलं ते आता रडतील.

ते म्हणाले, "मचूळ हाय." आणि तांब्या पुन्हा भरायला पुढे केला.